गिरणीवाल्याचं काय चुकलं

मला क्षय झाला होता, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला. घरातली कुठलीही बातमी आधी मला कळते आणि मीच ती तिखटमीठ लावून गावभर करतो, अशी माझी ख्याती. त्यामुळे नेमक्या ह्याच बातमीत मला कसं गंडवलं, याचं आता हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

हे लिहायचं कारण एवढंच, की ज्यांच्या हातात नुकतंच गोळ्यांचं पाकीट पडलं असेल आणि डॉक्टर काय बोलले ते न कळताच ज्यांनी मान हलवली असेल, त्यांनी वाचावं. मान हलवण्यात मी पटाईत आहे, म्हणून अधिकाराने लिहितो.

कोंडा

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना वैशाखऱ्याच्या अलीकडे आमची भाताची गिरणी आहे. थोरला भाऊ शेती बघतो, त्याला सगळे दादा म्हणतात. मी गिरणी बघतो, मला सगळे गिरणीवाला म्हणतात. दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि मी पंचेचाळिशीच्या घरात होतो, तेव्हाची ही गोष्ट.

भाताची झोडणी उरकली की गिरणीत पाय ठेवायला जागा नसते, आणि नाकातोंडात कोंडा जातो. गिरणीवाला खोकणारच. पण त्या वर्षी दिवाळीत लागलेला खोकला होळी पेटली तरी गेला नाही. संध्याकाळी अंगात कणकण असायची. माझी बायको सुमन, तिने माझ्या पँटींना कमरेत टाके घातले. महिन्याभराने टाके उसवून आणखी आत घातले.

शेवटी दादा मला मुरबाडला एका खाजगी डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला, दादाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा."

ह्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. आमच्याकडे पेशंट कधी एकटा जात नाही, आणि डॉक्टर बोलतात ते बरोबरच्या वडीलधाऱ्याशी. पेशंटनं फक्त दुखतंय कुठं ते दाखवायचं. मी बाहेर बाकावर बसून एका बाईच्या कडेवरच्या लेकराला वाकुल्या दाखवत राहिलो.

दादा बाहेर आला.

"काय झाला रे?" मी विचारलं.

"काय नाय. छातीत कोंडा बसलाय. गोळ्या दिल्यात."

मग त्याने मला हॉटेलात नेलं, भजी मागवली, चहा मागवला, आणि वर विचारलं, "आणखी काय खातोस?" दादाने उभ्या जन्मात मला हा प्रश्न केला नव्हता. मला वाटलं, ह्या वर्षी पेंढ्याला बरा भाव मिळालेला दिसतोय.

घरी आल्यावर सगळेच गोड वागू लागले. वहिनीने माझं ताट वेगळं केलं. म्हणाली, तुमचं पथ्याचं जेवण. पुतण्याची पोरं माझ्या खोलीशी आली की कुणीतरी त्यांना "आजोबांना झोपू दे" म्हणून उचलून न्यायचं. आणि सुमन रोज सकाळी गोळ्या हातावर ठेवून, मी गिळेपर्यंत समोर उभी राहायची. मी म्हटलं, माणूस बारीक झाला की बायकोला आवडू लागतो.

एकदा मी दादाला हळूच सांगितलं, की गोळ्या सुरू झाल्यापासून लघवी केशरी होते. तो जरा विचार करून बोलला, "कोंडाच तो. उतरतोय."

वीस वर्षं कोंड्यात काढलेला माणूस मी. कोंडा केशरी नसतो, एवढं तरी मला कळायला हवं होतं. पण मी मान हलवली.

दोनेक महिन्यांत खोकला गेला, भूक लागायला लागली. कोंडा निघाला होता. निघालेल्या कोंड्यावर गोळ्या कोण खातं? सुमन समोर उभी असायची, म्हणून गोळ्या गालात धरून गिरणीत जायचो आणि कोंड्याच्या ढिगात थुंकायचो. फार हुशार समजत होतो मी स्वतःला.

निदान

गणपती गेले आणि खोकला परत आला, आणि ह्या खेपेला दात काढून आला. एका सकाळी गिरणीतच रुमालावर रक्त पडलं. दादा मला शहापूरला घेऊन गेला. तिथं तेव्हा एक धर्मादाय दवाखाना होता, छातीच्या आजारांचा वेगळा वॉर्ड असलेला. सोबत सुमन राहिली.

वॉर्डचे डॉक्टर तरुण होते. त्यांना सगळे छोटे डॉक्टर म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते राउंडला आले आणि माझ्या कागदांकडे बघतच विचारायला लागले.

"आधी गोळ्या घेतल्या होत्या?"

"हो. कोंड्याच्या."

"कसल्या?"

मी जुनं पाकीट दाखवलं. त्यांनी ते पाहिलं आणि आवाज चढला.

"ह्या टीबीच्या गोळ्या आहेत. अर्ध्यात सोडल्या? शिकलेले दिसता, उशाशी पेपर दिसतोय. तुमच्यासारख्यांमुळेच हा रोग जात नाही. आता परत पहिल्यापासून, जास्त दिवस, आणि रोज इंजेक्शन वेगळं. समजलं?"

"समजलं," मी म्हटलं. ते पुढच्या खाटेकडे गेले.

माझं निदान मला असं कळलं. ओरडा खाताना, मधल्यामध्ये.

शेजारच्या खाटेवर खर्डीकडचे धर्माबाबा होते. ते उठून बसले. "तुला ठाव नव्हता रे?"

"नाय बाबा."

"ह्या वॉर्डात येऊन पडलास तवा तरी कळला नाय?"

मी सुमनकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"दादा बोलले, त्याला सांगू नको, हाय खाईल."

"आणि मी गोळ्या थुंकत होतो, त्याचं काय?"

"थुंकत होता हे तुमी मला कुठं सांगितलात?"

आमच्या संसारात एवढी गुप्तता आम्ही दोघांनी मिळून कधीच पाळली नव्हती.

वरवर हसलो, पण आतून गार पडलो होतो. क्षय म्हटलं की मला एकच माणूस दिसायचा. आमचा काका, वडिलांचा धाकटा भाऊ. आम्ही लहान असताना तो गोठ्याच्या पडवीत राहायचा. त्याचं ताट उंबऱ्यावर ठेवून आम्ही पळायचो. एका पावसाळ्यात ताट ठेवायचं बंद झालं. क्षय म्हणजे माझ्यासाठी तेवढंच. हल्ली तो बरा होतो, हे मला कुणीच सांगितलं नाही. डॉक्टरांना वाटलं असणार, एवढं तर पेपर वाचणाऱ्याला ठाऊक असेल.

मी ठरवलं, मरायचंच आहे तर ढुंगणाला भोकं पाडून घेऊन कशाला मरा? घरी मरू. येणाऱ्या रविवारी जीप घेऊन ये, असा दादाला निरोप धाडला. सुमनला कपडे भरायला सांगितले. तिने एक शब्द न बोलता पिशवी भरली आणि खाटेखाली सरकवली. ती बोलली नाही की मला भीती वाटते, पण तेव्हा भीतीला आणखी जागा नव्हती.

वॉर्डातले दिवस तोपर्यंत चालूच होते. पहाटे थर्मामीटर, मग झाकणाच्या डब्या घेऊन एका ओळीत थुंकणारे आम्ही, मग दूध आणि उकडलेलं अंडं. धर्माबाबा माळकरी, ते आपलं अंडं माझ्या खाटेवर ठेवायचे. मरायला निघालेल्या माणसाच्या मानाने मी दोन्ही अंडी चवीने खात होतो.

शनिवारची बैठक

शनिवारी दुपारी छोट्या डॉक्टरांनी व्हरांड्यात बाकं मांडायला सांगितली. चालता येणारे सगळे पेशंट आणि त्यांच्यासोबतची माणसं गोळा झाली. डॉक्टर उभे राहिले. हातात कागद नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

"औषधं चांगली आहेत," ते म्हणाले, "तरी माणसं अर्ध्यातून सोडून जातात. म्हणजे माझ्या सांगण्यात काहीतरी कमी पडतंय. मी कसा बोलतो, काय चुकतं, ते तुम्हीच सांगा. मी रागावणार नाही."

कुणी बोलेना. आमच्याकडे डॉक्टरला तोंडावर नावं ठेवत नाहीत. डॉक्टरच काय, कुणालाच ठेवत नाहीत. ती पाठीमागे सवडीने ठेवायची असतात.

"तुमी देवमाणूस हाव," धर्माबाबा शेवटी बोलले.

"हात किती हलका हाय तुमचा," एक बाई म्हणाली. इंजेक्शन नर्सबाई देत होत्या.

"अंडी ताजी असतात," मी म्हटलं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. खरं सांगतो, मला त्यांची दया आली. परीक्षेत कोरा पेपर परत आल्यासारखे ते बघत होते. ते बैठक आवरायच्या बेतात होते, तेवढ्यात माझ्या मागे बसून मोसंबं सोलत असलेली सुमन बोलली. डॉक्टरांना नाही, मला.

"तुमी पण गिरणीत असंच करता."

"काय करतो मी?"

"बाई भात घेऊन येते. मशीनचा हा आवाज. तुमी तिच्याकडं बघत पण नाय. पॉलिश जास्त करू का इचारता. ती हो बोलते."

"मग? हो बोलली ना ती?"

"ती कशाला पण हो बोलेल. तिला ऐकू कुठं येतंय? घरी जाऊन टोपली उघडते तर सगळी कणी. मग सासूची बोलणी खाते. आणि परत आली की तुमी चार माणसांत तिच्यावरच ओरडता, तेव्हाच का नाय बोललीस?"

"मी कधी ओरडलो गो? मशीनमुळे आवाज मोठा झालाय माझा."

"ती मग परत येतच नाय."

"कोण येत नाय? नाव सांग त्या बाईचं."

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. सासूला सुनेला काही सुनवायचं असलं, की ती अंगणातल्या शेळीला बोलते. 'लेकी बोले सुने लागे' म्हणतात ते हेच. मी ह्यातच वाढलो, दुसऱ्यांच्या घरातलं असलं बोलणं तर मी मैलावरून ओळखतो. पण त्या दुपारी शेळी मीच होतो, आणि शेळीला कधी कळतं? मी माझ्या गिरणीची बाजू लढवत राहिलो. वजनाला कसा चोख आहे, म्हाताऱ्यांचं भात कसं आधी घालतो. अख्खा व्हरांडा मात्र डॉक्टरांकडे बघत होता.

डॉक्टर बाकावर बसले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "मग गिरणीवाल्यानं करावं काय?"

सुमनने मोसंब्याची फोड माझ्या हातावर ठेवली. बोलली ती मलाच.

"आधी मशीन बंद करायची. तिच्या तोंडाकडं बघायचं. आणि समजलं का, असं इचारायचंच नाय. समजलं का बोललं की माणूस समजलंच बोलतं. घरी जाऊन सासूला काय सांगशील, ते मला सांगून दाखव, असं बोलायचं. मग गिरणीवाल्याला पण कळतं, तिला काय कळलं ते."

तेव्हा कुठे मी तोंड मिटलं.

"पेटली टूब," धर्माबाबा म्हणाले, आणि हसता हसता त्यांना अशी उबळ आली की नर्सबाई धावत आल्या.

मशीन बंद

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळच्या राउंडला डॉक्टर माझ्या खाटेशी आले, स्टूल ओढलं आणि बसले. इतके दिवस मला त्यांची हनुवटीच दिसत होती. डोळ्यांना चष्म्याचा नंबर बराच आहे, हे तेव्हा कळलं.

त्यांनी मला काकाबद्दल विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या वेळी आमच्या हातात फारसं काही नव्हतं, आता आहे. गोळ्या पूर्ण घेतल्या तर तुम्ही बरे होणार. खोकला थांबतो तेव्हा रोग मेलेला नसतो, फक्त गप्प झालेला असतो. तेव्हा गोळ्या सोडल्या की तो अधिक चिवट होऊन उठतो. तुमचं तेच झालं.

मग म्हणाले, "आज तुमचे दादा येणार आहेत ना? त्यांना काय सांगाल?"

"गोळ्या घ्यायच्या म्हणून सांगेन."

"कधीपर्यंत?"

"खोकला जाईपर्यंत."

सुमनने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांच्या कपाळाची शीर मला दिसली. पण ते ओरडले नाहीत. पुन्हा सांगितलं. मी पुन्हा चुकलो, ह्या खेपेला थोडा कमी. तिसऱ्यांदा मला बरोबर म्हणता आलं: "तुम्ही बंद करा म्हणेपर्यंत. बरं वाटलं तरी."

आता इतकं सोपं वाक्य मला तीनदा का लागलं, असं कुणी विचारेल. भ्यालेल्या माणसाच्या कानात मशीन चालू असते, एवढंच मी सांगू शकतो.

दुपारी दादा जीप घेऊन आला, मला न्यायला. डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. दादा सवयीने मला म्हणाला, "तू बस बाहेर."

"त्यांना बसू द्या," डॉक्टर म्हणाले. "आजार त्यांचा आहे."

दादा खुर्चीच्या कडेला टेकला. डॉक्टरांनी सगळं त्यालाही सांगितलं, आणि मग विचारलं, "घरी गेल्यावर वहिनींना काय सांगाल?"

"सांगीन ना. ह्याला तो..." दादा थांबला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "क्षय हाय," तो म्हणाला. "माझ्या भावाला क्षय हाय. बरा होतो."

"मुरबाडच्या डॉक्टरांनीही सांगितलं असेल ना, बरा होतो म्हणून?"

"सांगितला असेल. मी पहिला शब्द ऐकला नि मला आमचा काका दिसला. पुढचा काय ऐकूच आला नाय. मग ह्याला भजी खाऊ घातली."

मी म्हटलं, "भजी चांगली होती." दादा हसला, आणि हसता हसता त्याने टोपीने डोळे पुसले. वहिनीने माझं ताट का वेगळं केलं, पोरं का उचलून नेली, सगळं त्या खोलीत बाहेर आलं. सहा-सात महिने हे माझ्यापासून लपवून धरून बसणं दादाला माझ्या आजारापेक्षा जड गेलं होतं, असं मला वाटतं.

"लोक गिरणीवर येतील का पण?" जाताना त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस कदाचित नाही येणार, आणि मग येतील. खोटा धीर दिला नाही, हे मला आवडलं.

जीप रिकामी परत गेली.

तक्रारी

त्यानंतर दर शनिवारी बैठक व्हायची. डॉक्टर बाकावर बसायचे, आणि मला त्यांच्या शेजारी बसवायचे. मग एकेक जण माझ्या गिरणीबद्दल तक्रार करायचा.

"गिरणीवाला बायकांशी बोलतच नाय. नवऱ्यालाच सांगतो सगळं."

"भाताची पिशवी उघडायच्या आधीच मशीन चालू करतो."

"दुसऱ्या गिरणीवाल्याशी इंग्लिशमधी बोलतो, आमच्या भातावर. आमाला वाटतं, गेला आपला भात."

मी मान खाली घालून ऐकायचो. डॉक्टर म्हणायचे, "गिरणीवाल्याचं चुकलंच. पुढच्या आठवड्यात त्याला सुधारू." धर्माबाबांचा जावई एकदा नेमका शनिवारी भेटायला आला. सगळं ऐकून त्याने मला बाजूला घेतलं आणि कळकळीने म्हणाला, "भाऊ, तुमी गिरणी बंद करा. लोकांचे तळतळाट वाईट."

डॉक्टर एका आठवड्यात बदलले, असं मी म्हणणार नाही. गर्दीच्या दिवशी, रात्रपाळी करून आले असले की, त्यांचं पूर्वीसारखंच सुरू व्हायचं. मान कागदात, आवाज चढलेला. मग कुठल्या तरी खाटेवरून हळूच आवाज यायचा, "मशीन." ते थांबायचे, मान वर करायचे आणि पहिल्यापासून सांगायचे. एकदा एक म्हातारी म्हणाली, "परवा गिरणीवाल्यानं मला नावानं हाक मारली. बरा वाटला." त्या दिवशी त्यांनी चष्मा बराच वेळ पुसला.

एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं, की खाटेखाली भरलेल्या पिशव्या दिसेनाशा झाल्या. माझी तर सुमनने जीप गेल्या गेल्या रिकामी केली होती.

मुरबाडची एसटी

इंजेक्शनं संपल्यावर मी घरी आलो आणि गोळ्या घेत राहिलो. बरं वाटत असताना गोळी गिळणं हे आजारापेक्षा कंटाळवाणं काम आहे, कुणी वेगळं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तोंड कडू, सांधे दुखायचे, आणि गिरणी खरोखरच एक हंगाम थंड होती. गावातले काही जण पलीकडच्या गिरणीवर गेले. काही परत आले, काही नाही आले. पुतण्याची पोरं मात्र माझ्याच खोलीत लोळायला लागली, कारण आता त्यांना उचलून न्यायचं कारण सगळ्यांसमोर बोललं गेलं होतं आणि संपलंही होतं.

शेवटच्या तपासणीला मी आणि सुमन शहापूरला गेलो. थुंकी तपासली, फोटो काढला. दुपारी डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं, हातातला पेन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही बरे झालात. गोळ्या आजपासून बंद."

मग ते बराच वेळ बोलत होते. आम्ही त्यांना नमस्कार केला, बाहेर आलो, स्टँडवर मुरबाडची एसटी लागलेली होती, तीत जाऊन बसलो. सुमनने खिडकीची जागा मला दिली. कंडक्टर आला नव्हता.

"पुढं काय बोलले ते?" तिने विचारलं.

"बरा झालो बोलले."

"ते ऐकलं मी. त्याच्या पुढं? परत कधी दाखवायचं, खायचं काय, परत खोकला आला तर काय करायचं?"

मी आठवून पाहिलं. काहीच नव्हतं.

"तू होतीस ना बाजूला? तू काय ऐकलंस?"

"मी तुमच्या तोंडाकडं बघत होते," ती म्हणाली.

आम्ही एसटीतून उतरलो. मागच्या बाकावरच्या बाईने विचारलं, काय विसरलंत काय? सुमन म्हणाली, हो. उन्हातून चालत परत दवाखान्यात आलो तेव्हा डॉक्टर डबा उघडून जेवायला बसले होते. आम्हाला दारात बघून त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं, हात धुतले आणि म्हणाले, "बसा." आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.